तीर, शिकार आणि शिस्त

इशाची नमाज पढून घरी आलो, तर भाचा ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला. मी आल्याचंही त्याला कळलं नाही. पडद्यावर आफ्रिकेतलं रान होतं. वाळलेलं गवत, काटेरी झाडं आणि पाणवठ्याशेजारी आडोशाला बसलेला एक गोरा शिकारी. हातात बंदूक नव्हती, धनुष्य होतं. पाण्यावर आलेल्या मोठ्या शिंगांच्या हरणावर त्याने तीर सोडला. हरीण उसळलं आणि झाडीत पळालं. पुढच्या दृश्यात शिकारी त्या मेलेल्या हरणाची शिंगं धरून हसत फोटो काढून घेत होता.

"मामू, तीरंदाजी सुन्नत आहे ना?" भाच्याने विचारलं.

"आहे."

"आणि शिकार हलाल आहे ना?"

"आहे."

"मग हे सवाबाचं काम झालं."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. भाचा नववीत आहे. शाळेच्या तीरंदाजीच्या वर्गात जातो. शालेय स्पर्धेतला 'इंडियन राउंड' बांबूच्या धनुष्याने खेळतात, तसलं एक धनुष्य त्याच्या वडिलांनी त्याला घेऊन दिलं आहे. त्यांचं शेत वेळापूरच्या बाहेर माळाला लागून आहे. उसाच्या पट्ट्यातून बाहेर पडलं की आपल्या माळशिरस तालुक्यात अजून कोरडा माळ लागतो आणि रात्री हरणं तुरीत उतरतात. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीने मला त्याच्या दप्तरामागे लपवलेले तीन तीर दाखवले. स्पर्धेच्या तिरांची टोकं बोथट असतात. या तिघांना लोखंडी पत्र्याची पाती बसवून कानशीने घासली होती. दोन मित्रांबरोबर जुम्याच्या रात्री जायचा बेत ठरला होता.

रागवावं असं वाटलं, पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून आधी उत्तर शोधायचं ठरवलं. त्या शोधात जे हाती लागलं, ते इतर घरांतल्या मामू-चाचांनाही उपयोगी पडेल असं वाटतं.

सफारीवरचा तीर

पडद्यावर दिसणारी ही हौस तशी नवीच आहे. 1911 साली कॅलिफोर्नियात 'याही' जमातीतला शेवटचा उरलेला माणूस रानातून बाहेर आला. लोक त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याची सगळी जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांत आणि उपासमारीत संपली होती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकले. 1916 मध्ये इशी वारला. 1925 साली पोप आणि त्यांचे मित्र आर्ट यंग तीर-कमान घेऊन टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, सिंहांच्या शिकारीला गेले. सोबत बंदूकवाला साथीदार होताच. इशीच्या लोकांसाठी तीर म्हणजे दोन वेळचं जेवण होतं. त्याच्या शिष्यांसाठी तो पराक्रम झाला.

आज दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे अशा काही देशांत परवाना आणि मोठी फी भरून धनुष्याने शिकार करता येते. केनियाने मात्र 1977 पासून सगळीच शिकार बंद केली आहे. शिकारीच्या बाजूने बोलणारे सांगतात की या फीमधून रान राखलं जातं, गावाला रोजगार मिळतो, मांस गावकऱ्यांत वाटलं जातं. नामिबियात गावांनी स्वतः राखलेल्या रानांना असं उत्पन्न खरोखर मिळतं. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

पण तीर जनावराला कसा मारतो हे नीट समजून घ्यायला हवं. गोळी धक्क्याने पाडते. तीर रक्त वाहवून मारतो. तो फुप्फुसात किंवा काळजात गेला तर जनावर थोड्या वेळात पडतं. बोटभर चुकला तर ते जखम घेऊन पळतं. म्हणूनच तिरंदाज शिकाऱ्याला वीस-तीस मीटरपर्यंत जवळ जावं लागतं.

जुलै 2015 मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर जे घडलं ते जगभर गाजलं. 'सेसिल' नावाचा सुमारे तेरा वर्षांचा सिंह. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा बांधलेला होता. मेलेल्या जनावराचं आमिष ठेवून त्याला उद्यानाबाहेर काढलं आणि एका अमेरिकी दंतवैद्याने रात्री त्याच्यावर तीर सोडला. सिंह मेला नाही. पट्ट्याच्या नोंदींवरून संशोधकांनी हिशोब मांडला, तो असा की जखमी अवस्थेत तो दहा-बारा तास जिवंत होता. मग दुसऱ्या तिराने त्याला संपवलं. या शिकारीसाठी सुमारे पन्नास हजार डॉलर मोजल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. पुढे तिथल्या सरकारने सांगितलं की शिकाऱ्याची कागदपत्रं बरोबर होती.

कागद बरोबर होते आणि सिंह रात्रभर कण्हत होता. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "व्हिडिओत हे दाखवत नाहीत."

ज्यांचा तीर पोटासाठी होता

आफ्रिकेत तीर-कमान गोऱ्यांनी नेली नाही. टांझानियात एयासी सरोवराच्या काठी हादझा लोक आजही धनुष्याने शिकार करून खातात. कलाहारीच्या वाळवंटातले सान लोक एका भुंग्याच्या अळीचं विष तिराला लावतात. हे विष हळूहळू चढतं, म्हणून तीर लागल्यावर खरं काम सुरू होतं. कधी तासन्‌तास, कधी दिवसभर पायांचे ठसे बघत जनावराच्या मागे चालायचं. जखमी जनावर सोडून परत येणं त्यांच्यात कमीपणाचं. त्यांची आणखी एक रीत मला फार आवडली. मांस वाटायचा हक्क शिकार करणाऱ्याचा नसतो, ज्याचा तीर असेल त्याचा असतो. आणि तीर तर एकमेकांना सतत दिले-घेतले जातात. त्यामुळे कधी म्हाताऱ्याला, कधी एखाद्या बाईलाही वाटपाचा मान मिळतो आणि चांगल्या नेमबाजाच्या डोक्यात हवा जात नाही.

केनियातल्या वाटा लोकांची गोष्ट मात्र कडू आहे. मोठ्या ताकदीच्या धनुष्याने हत्तीची शिकार करणारे हे लोक. 1948 साली त्यांच्या रानावर त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं आणि बापजाद्यांचा धंदा एका कागदाने गुन्हा ठरला. त्यांना तुरुंगात टाकलं गेलं.

हे वाचताना मला आपला सोलापूर आठवला. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच कायद्याखाली पारधी आणि इतर जमातींना सोलापूरच्या तारेच्या कुंपणात, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये, डांबलं. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने पुसला गेला, लोकांच्या मनातून मात्र अजून पुसला गेलेला नाही. फासेपारध्यांचं हत्यार तीर नव्हे, फासा. माझी अम्मी सांगते की तिच्या लहानपणी एक पारधी तिच्या माहेरच्या दारात तितर विकायला यायचा, तोही जिवंत. मेलेला पक्षी मुसलमानाच्या घरात चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. तिचे वडील बिस्मिल्लाह म्हणून तो हलाल करायचे आणि पारध्याला पैशांबरोबर ज्वारीही द्यायचे. पारध्याने कधी घरट्यावर बसलेली मादी आणली नाही, हे अम्मी आवर्जून सांगते.

महाराष्ट्रात धनुष्य खऱ्या अर्थाने राखलं ते सातपुड्यातल्या भिल्लांनी. बांबूचं धनुष्य आणि त्याला बांबूच्याच सालीची दोरी, असा त्यांचा तिरकामठा. आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं की जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा या भागात राहणारा तडवी भिल्ल समाज मुस्लिम आहे. तिरकामठ्याची ही परंपरा आपल्या दीनी भावांच्या पूर्वजांचीही आहे. भाच्याला हे ऐकून फार आनंद झाला. धनुष्य फक्त सिनेमात नाही, आपल्या माणसांच्या हातातही होतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

तिराचे आदाब

आता मूळ प्रश्न. जुम्याच्या नमाजनंतर मी भाच्याला घेऊन आमच्या मौलानांकडे बसलो. त्यांनी त्याला हाकललं नाही, चहा पाजला आणि सुरुवातीपासून सांगितलं.

तीर चालवायला शिकणं ही मोलाची गोष्ट आहे. पैगंबर (स.) यांनी त्याला ताकद म्हटलं आणि शिकून सोडून देणं नापसंत केलं. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांची तिरंदाजी उहुदच्या रणांगणावर सगळ्यांनी पाहिली. शिकारही हलाल आहे. पण दोन्ही गोष्टींना हद्द आहे.

हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे हातिमताईंचे चिरंजीव आणि शिकारीचे शौकीन. त्यांनी पैगंबर (स.) यांना शिकारीचे बारीकसारीक प्रश्न विचारले, ते हदीसच्या संग्रहांत आहेत. त्यातून नियम निघतात ते असे. तीर सोडताना अल्लाहचं नाव घ्यावं. धारेने जखम होऊन जनावर मेलं तर ते हलाल. आडवा मार लागून, ठेचून मेलं तर हलाल नाही. तीर लागलेलं जनावर एक-दोन दिवसांनी सापडलं आणि अंगावर आपल्या तिराशिवाय दुसरी खूण नसेल तर खाता येतं. ते पाण्यात पडलेलं सापडलं तर खायचं नाही, कारण तिराने मेलं की बुडून मेलं हे सांगता येत नाही.

मौलाना म्हणाले, "बघ बेटा, या नियमांत तीर सुटला की माणूस सुटला असं कुठेच नाही. शोधायचं, तपासायचं, शंका आली तर हातचं सोडायचं."

मग त्यांनी हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची गोष्ट सांगितली. काही कुरैशी तरुणांनी एक पक्षी बांधून ठेवला होता आणि त्यावर नेमबाजी चालली होती. जो तीर चुकेल तो पक्ष्याच्या मालकाला द्यायचा असं ठरलं होतं. इब्ने उमर (रजि.) यांना येताना पाहून ते पांगले. जिवंत जीवाला निशाण करणाऱ्यावर पैगंबर (स.) यांनी लानत केली आहे, हे इब्ने उमर (रजि.) यांनी त्यांना ऐकवलं.

मला तिथेच दक्षिण आफ्रिका आठवली. तिथे काही ठिकाणी पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून पैसे देणाऱ्या शिकाऱ्यापुढे उभे केले जातात. चौदाशे वर्षांपूर्वीचा तो पक्ष्याचा मालक आणि आजचा तो कुंपणाचा मालक यांच्यात मला फरक दिसला नाही. इमाम नसाई यांच्या संग्रहात चिमणीबद्दलची रिवायत आहे. उगाच मारलेली चिमणीसुद्धा कयामतच्या दिवशी फिर्याद करील, असा तिचा आशय आहे. भिंतीवर शिंगं लावण्यासाठी मारलेलं जनावर कोणत्या खात्यात जाईल, ते वाचकांनीच ठरवावं.

"पण आम्ही तर खाणार होतो," भाचा हळूच म्हणाला. बेत आम्हाला कळला आहे हे त्याला एव्हाना उमगलं होतं.

करार आणि परीक्षा

मौलानांनी कुरआन मजीद उघडून सूरह माइदा काढली. तिच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा हुकूम आहे आणि त्याच आयतीत एहरामच्या हालतीत शिकार न करण्याचाही. पुढे चौऱ्याण्णवाव्या आयतीत सांगितलं आहे की हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने ईमानवाल्यांची परीक्षा घेतली जाईल. एरवी हलाल असलेलं जनावर एहराममध्ये समोर उभं राहतं आणि हात आवरायचा असतो. मक्केच्या हद्दीत तर एहराम नसतानाही शिकार मना आहे. मदिनेच्या हरममध्येही शिकारीला बंदी आहे. काही जागा जनावरांना अमान देणाऱ्या असाव्यात, ही गोष्ट आपल्या दीनला परकी नाही.

आपल्या देशाचा कायदाही एक करारच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. काळवीट आणि चिंकारा दोघेही त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. हत्यार बंदूक असो, फासा असो की बांबूचं धनुष्य, कायद्याला फरक पडत नाही. मारण्याचा प्रयत्न केला तरी तो शिकारीतच धरला जातो. ससा आणि तितरही त्याच कायद्याखाली येतात. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा असतो, रात्री तीर घेऊन जायचं नसतं.

हा कायदा का आला, ते सोलापूरकरांना दूर जाऊन शिकायला नको. नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. उंच मानेचा, माळावर ऐटीत चालणारा हा पक्षी पूर्वी मांसासाठी मारला जायचा. मग माळच नांगराखाली गेले. आज महाराष्ट्रात तो दिसणं ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे.

या माळढोकाला भारताचा राष्ट्रीय पक्षी करावं असं म्हणणारे डॉ. सलीम अली मुंबईच्या मुस्लिम घरातले. लहानपणी त्यांच्या हातात छऱ्याची बंदूक होती. त्यांनी एक चिमणी मारली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणं जायज आहे की नाही, असा प्रश्न त्या मुलाला पडला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते. त्यांनी ओरडण्याऐवजी भाच्याला ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या कपाटांतले पक्षी पाहून त्या मुलाचं आयुष्य बदललं. हलाल-हरामच्या एका साध्या प्रश्नातून देशाला त्याचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला. प्रश्न विचारणाऱ्या भाच्याला गप्प बसवू नये, हे मी त्या मामांकडून शिकलो.

फलटणचा रस्ता

आपल्या मराठीत तीर, कमान, शिकार हे शब्द फारसीतून आले. 'शिस्त' हाही तिथलाच. फारसीत 'शस्त' म्हणजे नेम. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. पुढे त्याच शब्दाला वळण, नियम असा अर्थ चिकटला. ज्याला नेम धरता येतो त्याला स्वतःला आवरता यायला हवं, असंच जणू या शब्दाने सुचवलं आहे.

त्या शिस्तीचं उदाहरणही जवळच आहे. ज्या पालखी मार्गाने माउलींची पालखी फलटण, नातेपुते, माळशिरस करत आपल्या वेळापुरात मुक्कामाला येते, त्याच फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. मजुराच्या घरातला मुलगा. सरकारी क्रीडा प्रबोधिनीत धनुष्य हातात आलं आणि 2021 मध्ये टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. यांच्या तिराने कुणाचं रक्त सांडलं नाही.

तीन तिरांची पाती भाच्याने स्वतः काढली. पुढच्या रविवारी फजरनंतर तो मला शेतावर घेऊन गेला. धनुष्य घरी ठेवलं होतं. तुरीच्या कडेला आम्ही बांधाआड बसलो. उजाडता उजाडता चार चिंकारा आल्या. एक मादी चरत चरत बांधाच्या इतकी जवळ आली की तिचे कान हललेले दिसत होते. भाचा श्वास रोखून बघत होता. तिला आमचा वास लागला आणि क्षणात चौघी माळावर पसार झाल्या.

"मामू, पंचवीस पावलं," तो म्हणाला. "नेम चुकला नसता."

"हो," मी म्हटलं.

घरी आल्यावर त्याने कडब्याच्या पेंढ्या एकावर एक बांधून परड्यात निशाण उभं केलं. आता रोज असरनंतर तिथून तिरांचा आवाज येतो. तीर पेंढ्यांबाहेर गेला की धाकटी बहीण तो शोधून आणते आणि आणलेला तीर एकदा तिला मारू द्यायचा, असा करार त्या दोघांनी केला आहे.